अडीनडीची गंगाजळी: किती साठवायची, कुठे ठेवायची आणि कुणाच्या हाताला लागेल अशी ठेवायची

नोव्हेंबर २०१८. शुक्रवारची रात्र, पावणेदोन वाजलेले. नवऱ्याच्या पोटात संध्याकाळपासून दुखत होतं, ते असह्य झालं आणि आम्ही रिक्षाने पुण्यातल्या एका हॉस्पिटलात पोहोचलो. स्वादुपिंडाला सूज आली होती. त्याला लगेच आयसीयूत हलवलं. काउंटरवरच्या मुलाने संगणकातून मान वर न करता सांगितलं, "मॅडम, साठ हजार डिपॉझिट भरून या."

आमच्याकडे पैसे होते. हे मुद्दाम सांगते, कारण या लेखाचं मूळच तिथे आहे. तीन लाखांची एफडी होती आणि बचत खात्यात सत्तर हजार होते. पण एफडी त्याच्या एकट्याच्या नावावर, खातंही त्याचं. मोबाइल पॅटर्नने उघडायचा आणि तो पॅटर्न मला माहीत नव्हता. एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात माझ्या हातात होतं, पिन त्याच्या डोक्यात. तो गुंगीत. माझ्या स्वतःच्या खात्यात तीन हजार आठशे रुपये. शुक्रवारी गुरुनानक जयंती झालेली, शनिवार चौथा, मग रविवार. म्हणजे बँक उघडणार ती थेट सोमवारी.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्या रात्री कपाटातल्या साडीच्या घडीतून बावीस हजार काढून दिले. नोटांना डांबरगोळ्यांचा वास येत होता. उरलेले घेऊन सकाळी आठ वाजता साताऱ्याहून दीर आले. सोमवारी बँकेत गेले तर उत्तर मिळालं, "खातेदाराची सही लागेल." खातेदार आयसीयूत होता.

तो अकरा दिवसांनी घरी आला, आज ठणठणीत आहे. पण त्या रात्रीनंतर मी आमच्या घराची गंगाजळी पहिल्यापासून नव्याने उभी केली. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, एवढं सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. मी त्याच्या आधी दोन प्रश्न विचारते. पैसा किती तासांत हातात येईल? आणि तुम्हीच आडवे पडलात, तर तो कोण काढेल? पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांभोवती आहेत.

१. आधी घरखर्च मोजा

पगाराच्या सहापट असा हिशेब करू नका. नोकरी गेली की खर्चाचं स्वरूप बदलतं. हॉटेल, कपडे, एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता), फिरणं आपोआप थांबतं. जे थांबवता येत नाही तेवढंच मोजायचं. मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा, एक वही घ्या आणि लिहा. आमच्या घराचा आकडा मी जेव्हा पहिल्यांदा मांडला, तेव्हा तो असा होता:

घरभाडं १६,०००
किराणा, भाजी ९,०००
दूध २,४००
वीज, गॅस, मोबाइल, इंटरनेट ३,२००
मुलीची शाळा, महिन्यावर वाटून ४,५००
दुचाकीचा हप्ता ३,१००
सासूबाईंची औषधं २,८००
पेट्रोल, येणं-जाणं ३,५००
विम्याचे वार्षिक हप्ते, बाराने भागून २,२००

बेरीज ४६,७००. मी ४७ हजार धरले. सहा महिन्यांचे झाले २ लाख ८२ हजार.

शेवटची ओळ लोक हमखास विसरतात. मेडिक्लेमचा हप्ता वर्षातून एकदाच येतो, म्हणून तो महिन्याच्या खर्चात दिसत नाही. पण नोकरी नसताना नेमका तो चुकला, तर पॉलिसी बंद पडायची भीती, आणि ती वेळ सगळ्यात वाईट.

सहा महिने हा आकडा सगळ्यांना सारखा लागू नाही. दोघंही कमावते असाल आणि एकाची नोकरी सरकारी असेल तर तीन-चार महिन्यांवर भागतं. एकट्याच्या कमाईवर घर असेल तर सहा. दुकान, टॅक्सी, शिकवण्या, फ्रीलान्स काम असेल तर नऊ ते बारा महिने धरा, कारण तिथे मंदी आणि आजारपण एकाच वेळी येतात: तुम्ही झोपलात की दुकानही झोपतं. शेतीवर चालणाऱ्या घराचा हिशेब महिन्यांत मांडूच नका. एक पीक हातचं गेलं तर दुसऱ्याचे पैसे हातात पडेपर्यंत घर कशावर चालेल आणि पुढच्या पेरणीचं बियाणं-खत कशातून येईल, ही रक्कम काढा.

२. टप्पे पाडा, नाहीतर आकडा बघूनच हात गळतात

२ लाख ८२ हजार हा आकडा वहीत लिहिल्यावर मी वही मिटून ठेवली होती. दोन आठवडे उघडली नाही. मग त्याचे तुकडे केले.

पहिला टप्पा २५ हजार. एवढे जमेपर्यंत दुसरं काही करू नका. एवढ्यात रात्रीचा दवाखाना, गावी तातडीने जाणं, जळालेली पाण्याची मोटर, यातलं काहीतरी एक निभावतं.

इथे थांबून क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी संपवा. कार्डाचं व्याज महिन्याला तीन ते चार टक्के असतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. एफडीवर सहा-सात टक्के मिळवत बसायचं आणि तिकडे चाळीस टक्क्यांनी भरायचं, यात घराचं नुकसानच आहे. पण पहिले २५ हजार मात्र कर्ज असतानाही जमवा. नाहीतर पुढची अडचण पुन्हा कार्डावरच जाते.

दुसरा टप्पा एका महिन्याचा खर्च. तिसरा तीन महिन्यांचा. चौथा सहा महिन्यांचा. तिसऱ्या टप्प्यावर पोहोचलात की एसआयपी, सोनं, पीपीएफ जे काही थांबवलं असेल ते हळूहळू पुन्हा सुरू करायला हरकत नाही.

३. पगाराच्या दुसऱ्या दिवशी पैसे काढून घ्या

महिनाअखेरीला उरेल ते साठवू, असं म्हणत माझी पहिली आठ वर्षं गेली. उरत नाही. पगार १ तारखेला जमा होत असेल तर २ तारखेला ठरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात आपोआप जाईल अशी स्थायी सूचना बँकेत देऊन ठेवा. मोबाइल बँकिंगमध्येही ती लावता येते. पगार कधी कधी उशिरा होत असेल तर तारीख ५ ठेवा.

आम्ही महिन्याला ७ हजार लावले. त्या गतीने ४० महिने लागले असते. दोन दिवाळ्यांचे बोनस जवळजवळ पूर्ण तिकडे वळवले, म्हणून ३१ महिन्यांत झालं. त्या दोन दिवाळ्यांना घरात नवीन काहीही आलं नाही, फराळ आणि मुलीचे कपडे सोडून. हे मी सोपं म्हणून सांगत नाही. मुलीला एकदा सगळं समजावून सांगावं लागलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तिला बाबांची ती रात्र आठवत होती.

ज्यांना महिन्याला पाचशे-हजारच बाजूला काढता येतात, त्यांनी पोस्टातलं किंवा बँकेतलं आवर्ती ठेव खातं बघावं. पोस्टात महिना १०० रुपयांपासून सुरुवात होते. मात्र पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते आणि पहिली तीन वर्षं बंद करता येत नाही, म्हणून सवय लागेपर्यंत बँकेचीच, वर्षभराची बरी.

४. पैसे कुठे ठेवायचे: तीन जागा

हा भाग नीट वाचा. बहुतेकांचं इथेच चुकतं, आमचंही इथेच चुकलं होतं.

पहिली जागा, घरात रोख. दहा हजार रुपये, निम्मे ५०० च्या आणि निम्मे १०० च्या नोटांत. यूपीआयच्या काळात रोख कशाला, असं वाटेल. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पुराचं पाणी शिरलं तेव्हा वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले. अशा दिवशी खात्यात लाखभर असून दुधाची पिशवी मिळत नाही. नोटा झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि वरच्या फळीवर ठेवा. घरातल्या दोन मोठ्या माणसांना जागा माहीत हवी. या पैशांतून भाजीवाल्याला सुट्टे द्यायचे नाहीत, अगदी "उद्या परत ठेवते" म्हणूनसुद्धा.

दुसरी जागा, वेगळं बचत खातं. एक महिन्याचा खर्च, म्हणजे आमचे ४७ हजार. हे खातं पगाराच्या खात्यापेक्षा वेगळ्या बँकेत उघडा. त्याची दोन कारणं आहेत. एक, रोजच्या यूपीआयला ते जोडलेलं नसलं की हात तिकडे जात नाही. दुसरं कारण मोठं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढायची परवानगी होती. मुंबईत बँकेच्या शाखांसमोर जमलेली माणसं पैसेवालीच होती, पण पैसे काढता येत नव्हते. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवींना डीआयसीजीसीचं (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा कंपनीचं) एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत हे पैसे देण्याची तरतूद झाली. तरी ९० दिवस म्हणजे तीन महिने. दुसऱ्या बँकेत महिन्याभराचा खर्च असेल तर तेवढा काळ धीर धरता येतो.

या खात्यात किमान शिल्लक किती लागते ते उघडतानाच विचारा. आणि सहा महिन्यांतून एकदा या खात्यातून काहीतरी व्यवहार स्वतः करा, शंभर रुपयांचा का होईना. दोन वर्षं ग्राहकाकडून काहीच व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय ठरतं आणि ते पुन्हा चालू करायला केवायसीचे (ओळख आणि पत्त्याचे) कागद घेऊन खेटे घालावे लागतात. अडचणीच्या रात्री हे कळू नये.

तिसरी जागा, एफडी, पण तुकड्यांत. उरलेल्या २ लाख २५ हजारांची आम्ही एक एफडी केली नाही, २५-२५ हजारांच्या नऊ केल्या. एक मोडली तरी बाकीच्या आठ व्याज खात राहतात. मुदतीआधी मोडल्यावर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का व्याज कमी देतात. २५ हजारांवर वर्षाचा एक टक्का म्हणजे २५० रुपये. मध्यरात्री पैसे हातात यायची ही किंमत मला अजिबात जास्त वाटत नाही.

हे तुकडे करायचा कंटाळा असेल तर ऑटो स्वीपची सोय घ्या. खात्यातली ठरावीक रकमेवरची शिल्लक आपोआप ठेवीत जाते आणि लागेल तशी परत येते. स्टेट बँकेत हिला एमओडी म्हणतात, ती हजाराच्या पटीत मोडते. फक्त एक लक्षात ठेवा: डेबिट कार्ड किंवा यूपीआय चोरट्याच्या हाती लागलं तर स्वीपमधले पैसेही त्याच वाटेने जाऊ शकतात. म्हणून त्या खात्याची रोजची मर्यादा विचार करून लावा.

लिक्विड फंडही (अगदी थोड्या मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड) चालतो, ज्यांना म्युच्युअल फंडाची सवय आहे त्यांना. पैसे साधारण पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात येतात. काही योजनांत ५० हजारांपर्यंत किंवा शिलकीच्या ९० टक्के, यातली कमी असेल ती रक्कम लगेच मिळते. सात दिवसांच्या आत काढले तर किंचित निर्गमन शुल्क लागतं. आम्ही यात गेलो नाही. सासूबाईंना एफडीची पावती वाचता येते, फंडाचं स्टेटमेंट नाही, आणि आमच्या घरात पैसा काढायची वेळ त्यांच्यावरही येऊ शकते.

या जागा मात्र टाळा:

कर वाचवणारी पाच वर्षांची एफडी. ती मुदतीआधी मोडताच येत नाही. नाव एफडी असल्यामुळे लोक ती गंगाजळीत मोजतात.

पतसंस्थेतली ठेव. व्याज जास्त दिसतं, ओळखीचा माणूस संचालक असतो. पण पतसंस्थांना डीआयसीजीसीचं संरक्षण नाही. हौसेचे पैसे ठेवायचे तर ठेवा, अडीनडीचे नकोत.

शेअर आणि इक्विटी फंड. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला आणि त्याच आठवड्यांत लोकांचे पगार थांबले. दोन्ही एकदम झालं.

भिशी. आपली पाळी आणि आपली अडचण एकाच महिन्यात येत नाही.

पीपीएफ आणि पीएफ. हे म्हातारपणाचे पैसे. मोजू नका.

सोनं घरात असतंच, आणि अगदी शेवटी ते तारणही ठेवता येतं. पण रात्री दोन वाजता सोनारही झोपलेला असतो.

५. दुसरा हात तयार करा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. पैसा कितीही असो, तो एकाच माणसाच्या बोटाच्या ठशामागे असेल तर तो माणूस आजारी पडल्यावर घर रिकामंच.

गंगाजळीचं खातं जोड नावाने उघडा, "आयदर ऑर सर्व्हायव्हर" या पद्धतीने. म्हणजे दोघांपैकी कुणालाही एकट्याच्या सहीने व्यवहार करता येतो. दोघांची वेगळी डेबिट कार्डं, दोघांचे वेगळे पिन, दोघांच्या मोबाइलवर वेगळं यूपीआय. एकमेकांचे पिन पाठ करण्यापेक्षा हे सुरक्षित आहे, आणि बँकेच्या नियमांतही बसतं.

एफडीचं थोडं वेगळं असतं. जोड नावाची एफडी मुदतीआधी मोडताना बऱ्याच बँका दोघांच्याही सह्या मागतात, नियम "कुणीही एक" असा असला तरी. तेव्हा एफडी करतानाच शाखेत विचारा: दोघांपैकी एकाला ती मोडता येईल का, त्यासाठी वेगळं संमतिपत्र द्यायचं का, आणि मोबाइलवरून मोडता येते का. उत्तर नकारार्थी असेल तर निम्म्या एफड्या एकाच्या नावावर, निम्म्या दुसऱ्याच्या, असं करा. आम्ही तेच केलंय: चार त्याच्या, पाच माझ्या.

नॉमिनीचं नाव लावणं आवश्यक आहेच. बँकेत त्यासाठी अर्ज असतो, मोबाइल बँकिंगवरूनही होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. जुन्या एफड्यांवर कुणाचं नाव आहे तेही बघून घ्या. आमच्या तीन लाखांवर सासऱ्यांचं नाव होतं, ते २०१४ सालीच गेले. पण नॉमिनी खातेदाराच्या मृत्यूनंतर उपयोगी पडतो. खातेदार आयसीयूत असताना नॉमिनीला एक रुपयाही काढता येत नाही. हा फरक मला त्या सोमवारी बँकेच्या काउंटरवर कळला.

तेव्हा माहीत नव्हतं ते आता सांगते. आजारी खातेदाराला सही करता येत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार अंगठ्याच्या ठशावर पैसे काढता येतात. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखेत जाऊन नम्रपणे, पण ठामपणे हे मागा. "नाही होत" म्हणाले तर शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या.

मुलं बंगलोरला, दुबईला किंवा अमेरिकेत आणि आई-वडील गावी, अशी कितीतरी घरं आहेत. तिथे गंगाजळीतला मोठा वाटा आई-वडिलांच्याच नावावर, त्यांच्याच तालुक्याच्या गावच्या शाखेत हवा. परदेशातून पाठवलेला पैसा सकाळपर्यंत पोहोचेलही, पण रात्री ॲम्ब्युलन्सवाल्याला तिथे उभं असलेल्या माणसाने पैसे द्यायचे असतात.

६. एक निळी फाइल आणि एक कागद

खाती उघडायला लागतं ते असं: पॅन, आधार, प्रत्येकाचे दोन फोटो, पत्त्याचा पुरावा वेगळा असेल तर तो, आणि नॉमिनीचं नाव, जन्मतारीख, नातं. नॉमिनी लहान असेल तर पालक म्हणून एका मोठ्या माणसाचं नाव.

अडचणीच्या वेळी लागतं ते वेगळं. आमच्या घरी एक निळी प्लास्टिकची फाइल आहे, दाराजवळच्या कपाटात, आडवी नाही, उभी ठेवलेली, म्हणजे अंधारातही हाताला लागते. तिच्यात घरातल्या प्रत्येकाच्या आधारची प्रत, रेशनकार्ड, मेडिक्लेमचं कार्ड आणि पॉलिसीचं पहिलं पान, चालू औषधांची यादी, रक्तगट, जुने महत्त्वाचे रिपोर्ट, एक रद्द केलेला चेक आणि एक पेन. हे सगळं डिजिलॉकरवर आणि फोटो काढून दोघांच्या मोबाइलमध्येही आहे.

रेशनकार्ड मुद्दाम लिहिलं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार यादीतल्या हॉस्पिटलांत मिळतात, ठरलेल्या आजारांसाठी. त्या हॉस्पिटलात योजनेचा मदतनीस, "आरोग्यमित्र", असतो, तो कुठे बसतो ते आधी विचारा. पैसे भरून झाल्यावर विचारून उपयोग होत नाही.

आणि कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. हाताने लिहिलेला. कोणत्या बँकेत, कोणाच्या नावाने, किती एफड्या. विमा कंपनीचा मदत क्रमांक. जवळचं कॅशलेस हॉस्पिटल, म्हणजे विमा कंपनी जिथे परस्पर बिल भरते ते, कोणतं. रात्री फोन करायची तीन माणसं. पिन किंवा पासवर्ड त्यावर नाहीत, खाते क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे आहेत. खाली तारीख.

७. विमा हा गंगाजळीचा कठडा

मेडिक्लेम नसेल तर सहा महिन्यांची गंगाजळी एका ऑपरेशनमध्ये संपते. म्हणून तिसऱ्या टप्प्याच्या आधी मेडिक्लेम घ्या. कंपनीचा असला तरी स्वतःचा छोटा घ्या, कारण नोकरीबरोबर कंपनीचा विमाही जातो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत अपघाताचं २ लाखांचं संरक्षण देते. बँक खातं असलेल्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं ते असायला हवं.

कॅशलेस म्हणजे खिसा रिकामा चालेल असं मात्र समजू नका. विमा नियामकाने मे २०२४ च्या परिपत्रकात कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायला सांगितलं आहे. तरीही मंजुरी येईपर्यंत डिपॉझिट मागितलं जातं, आणि खोलीच्या भाड्यातला फरक, हातमोजे-सुया असल्या वस्तू, बाहेरून आणायची औषधं हे आपल्याच खिशातून जातं. हॉस्पिटलात थांबणाऱ्या नातेवाइकांचं जेवण आणि रिक्षा यांत रोजचे पाचशे-सातशे सहज जातात.

८. रंगीत तालीम करा

नाटकाला तालीम लागते तशी हिलाही लागते. एका रविवारी रात्री नऊ वाजता बसा. घरातला जो माणूस पैशाचे व्यवहार बघत नाही, त्याच्या हातात फोन द्या. सांगा, "मी आयसीयूत आहे. पन्नास हजार हवेत." आणि गप्प बसा.

आमच्या पहिल्या तालमीत मी फोन बाजूला ठेवला आणि नवऱ्याला माझ्या नावाची एफडी सोडून बाकी सगळं करायला लावलं. पाऊण तास लागला. काय काय अडलं त्याची यादी बघा: नव्या मोबाइलवर यूपीआय बसवलं होतं, त्यामुळे पहिल्या चोवीस तासांची कमी मर्यादा. नेट बँकिंगचा पासवर्ड मुदत संपलेला. पैसे ज्याला पाठवायचे त्याचं नाव नव्याने जोडलं, तर त्यालाही सुरुवातीला मर्यादा. आणि डेबिट कार्डाची मशीनवरची मर्यादा कधीतरी आम्हीच दहा हजारांवर आणून ठेवलेली.

एकेक दुरुस्त केलं. भावाचं, दिराचं, बहिणीचं नाव आधीच जोडून ठेवलं. यूपीआयवर साधारणपणे दिवसाला १ लाखाची मर्यादा असते. मान्यताप्राप्त हॉस्पिटलांना ५ लाखांपर्यंत देता येतात, पण तुमच्या बँकेने स्वतःची मर्यादा कमी ठेवलेली असू शकते, ती बघून घ्या. एक २५ हजारांची एफडी खरोखर मोडून पाहिली. थोडं व्याज गेलं. दुसऱ्या तालमीला अकरा मिनिटं लागली.

९. कशासाठी काढायचे, कशासाठी नाही

जूनमधली शाळेची फी, गणपती, दिवाळी, गाडीचा विमा, भाच्याचं लग्न. ही सगळी कॅलेंडरवर दिसणारी माणसं आहेत, ती येणार हे वर्षभर आधी माहीत असतं. त्यांच्यासाठी वेगळा डबा करा, वेगळं आवर्ती खातं करा. गंगाजळीला हात लावायचा तो आजारपण, नोकरी जाणं, घरातला मृत्यू, पूर, पावसात उडालेले पत्रे यांसाठी. शंका आली तर आम्ही एक रात्र थांबतो. सकाळपर्यंत थांबता आलं, तर बहुतेक वेळा ते गंगाजळीचं काम नसतं.

हातउसन्यांचा प्रश्न अवघड आहे आणि त्यावर मला सरळ बोलायचं आहे. ज्या काकूंनी मला रात्री दोन वाजता बावीस हजार दिले, त्यांना मी कधीच नाही म्हणणार नाही. पण "तुमच्याकडे पडूनच आहेत ना" म्हणत कुणी प्लॉटच्या टोकनसाठी, मोबाइलसाठी मागायला येतं, तेव्हा हे पैसे पडून नाहीत, कामावर आहेत. नातेवाइकांना द्यायला आम्ही वेगळे दहा हजार ठेवतो. त्याच्या पलीकडे "एवढेच आहेत" असं सांगतो. दोघांनीही एकच उत्तर द्यायचं हे आधी ठरवा, नाहीतर माणसं दुसऱ्या दाराने येतात.

१०. वापरल्यावर, आणि दर पाडव्याला

वापरले म्हणून वाईट वाटून घेऊ नका. ते त्यासाठीच होते. मात्र वापरल्याच्या दिवशी कागदावर लिहा: किती, कशासाठी, कोणत्या जागेतून. भरताना उलट्या क्रमाने नाही, याच क्रमाने भरा: आधी घरातली रोख, मग बचत खातं, शेवटी एफड्या. भरून होईपर्यंत एसआयपी अर्धी करा. हॉस्पिटलचे पैसे विम्यातून परत आले तर ते थेट गंगाजळीच्या खात्यातच जमा होतील असा रद्द केलेला चेक क्लेमबरोबर लावा. पगाराच्या खात्यात आले तर महिनाभरात विरघळतात.

गुढीपाडव्याला आम्ही पूजा झाल्यावर वही काढतो. भाडं वाढलं का, मुलगी मोठ्या शाळेत गेली का, औषधं वाढली का. २०१९ मध्ये ४७ हजार असलेला आकडा आज ६३ हजार आहे, म्हणजे सहा महिन्यांचे ३ लाख ७८ हजार. एफड्यांच्या मुदती, नॉमिनी, मोबाइल क्रमांक, केवायसी तेव्हाच तपासतो आणि घरातल्या नोटा बँकेत भरून नव्या आणतो.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या कंपनीने त्याचा विभाग बंद केला. साडेतीन महिने पगार नव्हता. माझ्या पगारातून निम्मं घर चाललं, गंगाजळीतून ९६ हजार काढले. पहिली एफडी मी माझ्या मोबाइलवरून मोडली, तो स्वयंपाकघरात मुलीचा डबा भरत होता. विचारलं, "किती मिनिटं लागली?" मी म्हटलं, "चार." भरून काढायला चौदा महिने लागले. त्यातला शेवटचा हप्ता ७,५०० चा होता, कपाटाच्या दारावरच्या कागदावर तारखेसकट लिहिलेला आहे.